‘गाढी’वरचे निरोप

१

जगन घरतांची वाचा गेली ती होळीच्या आदल्या दिवशी. अंगणात दात घासता घासता ते मटकन खाली बसले, आणि दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, तोंडून एक शब्द फुटत नव्हता. हात थोडाफार चालू लागेल, डॉक्टर म्हणाले. बोलण्याचं मात्र काही सांगता येत नाही.

माणूस मुळात भारी बोलका. ओवे गावातली भातशेती गेल्यावर त्यांनी पनवेलात वडाळे तळ्याच्या मागे हे बैठं घर बांधलं आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी संपेपर्यंत इथूनच सायकलीनं ये-जा केली. गल्लीत त्यांनी ज्याची थट्टा केली नाही असा माणूस सापडायचा नाही. आता ते पलंगावर बसून खिडकीच्या गजांकडे बघत राहायचे. धाकटी लेक मनिषा बेंगळुरूला दिलेली. तिचा व्हिडिओ कॉल आला की तोंड भिंतीकडे फिरवायचे. मग तिकडे ती रडायची आणि इकडे तिची आई, सत्यवती.

“शब्द आत आहेत त्यांच्या,” बोलायला शिकवायला येणारी ऋचा म्हणाली. “बाहेर यायची वाट मोडलीय. पूर्वी कशात रमायचे ते?”

थोरल्या मुलाला, हरेशला, आठवायला वेळ लागला नाही. मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली बाबांचा कॉम्प्युटर होता. इंटरनेट घरोघरी यायच्या आधी बाबांनी त्यावर एक बुलेटिन बोर्ड चालवला होता. कोणीही आपल्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचा, मोडेम किंचाळायचा, की तो माणूस बोर्डावर दाखल. लोकांचे निरोप वाचायचे, आपला ठेवायचा, फोन ठेवून द्यायचा. पनवेलच्या नदीच्या नावावरून बाबांनी बोर्डाचं नाव ठेवलं होतं ‘गाढी’. कर्जतपासून चेंबूरपर्यंतची माणसं त्यावर गप्पा मारायची. मग एक दिवस बाबांनी तो एकाएकी बंद केला. टेलिफोनची तार स्वतःच्या हातानं भिंतीपासून कापली. का, ते कोणी विचारलं नाही. तोवर सगळ्यांकडे इंटरनेट आलं होतं, सगळ्यांना वाटलं, म्हणूनच.

२

हरेश तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात नेटवर्क सांभाळायचा. जुन्या यंत्रांचा त्याला नाद होता. दोन-तीन सुट्ट्या घालवून त्यानं पॉवर सप्लाय बदलला, आतली धूळ ब्रशनं काढली, आणि एका रविवारी सकाळी बटण दाबलं. पंखा घरघरला, जळक्या धुळीचा वास सुटला, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. ‘गाढी’ जिवंत झाला.

बाबांना त्यानं धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं मात्र, त्यांचं सगळं अंग ताठ झालं. डाव्या हातानं त्यांनी टेबलाची कड पकडली.

“आठवतंय ना, बाबा?” हरेश हसून म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. तो पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला. तिथूनच त्याला कीबोर्डचा आवाज ऐकू आला. टक, टक, टक. पेला तसाच ठेवून तो धावत आला. बाबांचं बोट कीबोर्डवर होतं, कपाळावर घामाचे थेंब. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी ओळ होती: *बरा हाय. मनू कशी हाय?*

“आई!” हरेश ओरडला. “आई, लवकर ये!”

सत्यवती पिठाच्या हातांनी आली. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. हरेशनं ओळ वाचून दाखवली तशी ती दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली. त्या गडबडीत दोघांनीही बाबांच्या तोंडाकडे बघितलं नाही. पुन्हा पडद्याकडे नजर गेली तेव्हा ओळ पुसलेली होती, आणि बाबा धापा टाकत होते.

३

मनिषाला हे फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. “मला पाठव ना, दादा. त्यांनी लिहिलेलं मला थेट येऊ दे. मधे तू नको.”

त्यासाठी गेटवे लागणार होता. बोर्डावरचा निरोप उचलून ईमेल करून पाठवायचा आणि बाहेरून आलेली ईमेल बोर्डावर निरोप म्हणून टाकायची, एवढंच काम करणारा छोटा प्रोग्रॅम. दोन जगांच्या मधला दरवान म्हणा ना. हरेशनं जुन्या कॉम्प्युटरला केबलनं आपला लॅपटॉप जोडला, त्यावर हा प्रोग्रॅम चढवला आणि संध्याकाळभर त्याची सेटिंग करत बसला. जाणारे निरोप बोर्डाच्या कुठल्या कप्प्यात साठतात, किती वेळानं कप्पा उघडून बघायचा, कुठल्या नावाचा निरोप कुठल्या पत्त्यावर धाडायचा. नाव त्यानं एकच घातलं, मनिषाचं. कप्पा दर पंधरा मिनिटांनी उघडायचा. आत जे सापडेल ते पाठवून द्यायचं.

पहिला निरोप गेला तेव्हा मनिषाचा फोन आला. ती बोलूच शकत नव्हती. “मनू म्हणाले मला, दादा. लग्नानंतर पहिल्यांदा.”

मग दोन-तीन दिवस काहीच गेलं नाही. खोलीतून टक टक तर रोज ऐकू यायचं, बाबा उठल्यापासून तिथेच जाऊन बसायचे, जेवायलाही हलायचे नाहीत. हरेशनं नोंदी तपासल्या. निरोप लिहिले जात होते, कप्प्यात पडत होते, आणि गेटवे कप्पा उघडायच्या आत कोणीतरी ते पुसत होतं.

थरथरतं बोट, हरेश म्हणाला. भलत्या बटणावर पडत असणार. बिचारे इतकं कष्टानं लिहितात आणि चुकून पुसून बसतात. कारखान्यात अशा चुका तो रोज निस्तरायचा. त्यानं बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन पुसण्याची परवानगीच काढून टाकली, आणि पंधरा मिनिटांचं एक मिनिट केलं. आता लिहिलं की गेलं.

त्या दुपारी बाबांनी स्टीलचा पेला भिंतीवर फेकून मारला. डाव्या मुठीनं टेबल बडवलं. घशातून असा आवाज काढला की शेजारच्या भामाकाकू कुंपणावरून डोकावल्या.

“राग येतोच या दुखण्यात,” ऋचानं फोनवर समजावलं. “खरं तर चांगली खूण आहे.”

४

पुढे पंधरवडाभर निरोप धो धो जायला लागले. मनिषा रोज संध्याकाळी फोन करायची, तिचा आवाज हलका झाला होता. बाबा किती आठवणी लिहितात, म्हणायची. ओव्याच्या शेतावरचा माळा, खाडीतली निवटी मासळी, आणि बरंच काही. हरेशला बरं वाटायचं. फक्त बाबा वाळत चालले होते. डोळे खोल गेले होते, आणि त्यांना मागच्या खोलीतून उठवायचं म्हणजे लढाई असायची.

शनिवारी त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. हरेशनं त्यांना अक्षरशः उचलून रिक्षात घातलं. सकाळभर ते दवाखान्यात होते. तो त्यांच्या शेजारीच बसून होता. परत आल्यावर मनिषाचा फोन.

“आज बाबा जाम खुशीत होते रे. सकाळपासून चार मेल आल्या.”

“सकाळपासून?”

“हो ना. आत्ता शेवटची येऊन अर्धा तास झाला असेल.”

फोन ठेवून हरेश लॅपटॉपपाशी गेला. कालचे निरोप अडकून राहिले असतील आणि आज सुटले असतील. होतं असं, ईमेल कुठेतरी मधल्या ठेशनावर ताटकळते. जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळही चुकत असेल. पण घड्याळ बरोबर होतं. निरोप सकाळीच लिहिले होते, एकामागून एक. घरात तेव्हा फक्त आई होती, आणि आईला अक्षर वाचता येत नव्हतं.

तो स्वयंपाकघरात गेला. सत्यवती कोलंबी सोलत बसली होती.

“आई, सकाळी मागच्या खोलीत कोण आलेलं?”

“कोन येनार?”

“बाबा नसताना कॉम्प्युटरवर कोणीतरी लिहिलंय.”

सत्यवतीचे हात थांबले.

“तुला वाटतं त्ये लिवतान,” ती हळूच म्हणाली. “मना वाचता येत नाय, पन कान हाय ना मना. तू मोबाईलवर लिवतस, कारखान्याचं काम करतस, त्याचा आवाज कसा येतो? ह्या बटनाचा येगला, त्या बटनाचा येगला. यांचा एकच येतो. सकालपासून रातपर्यंत एकच.”

“म्हणजे?”

“त्ये लिवत नाय, हरेश. त्ये पुसतान.”

“मग तू बोलली का नाहीस मला?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “मनू फोनवर वाचून दाखवते तवा त्यांचंच बोलनं असतंय रे. तसंच. मना वाटलं, कुटूनका येत असंना. ऐकू तर येतंय.”

५

रविवारी सकाळी हरेश मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. आत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि ते त्याला स्वतःलाच हास्यास्पद वाटत होतं. खिडकीतून ऑक्टोबरचं ऊन टेबलावर पडलं होतं. बाहेर कोणीतरी स्कूटर धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. बाबा पाठमोरे बसले होते.

पडद्यावर अक्षरं उमटत होती. एकेक, सावकाश, विचार करून लिहावीत तशी.

बाबांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. डाव्या हाताचं बोट कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या एकाच बटणावर पडत होतं. पुसायच्या बटणावर. टक. टक. टक. प्रत्येक वेळी पडद्याच्या तळाशी तीच ओळ यायची, जी हरेशनंच घातली होती: परवानगी नाही. आणि वर अक्षरं पुढे सरकत होती.

हरेशनं कीबोर्डची वायर उपसली. अक्षरं थांबली नाहीत.

बाहेरून कोणीतरी घुसलंय, त्याचं डोकं सांगत होतं. लॅपटॉपच्या वाटेनं आत येऊन कोणीतरी खोडी काढतंय. असे प्रकार त्यानं पाहिले होते, पकडलेही होते. त्यानं लॅपटॉपची केबल काढली. आता त्या यंत्राचा जगाशी कसलाही संबंध नव्हता. भिंतीतून टेलिफोनच्या कापलेल्या तारेची दोन टोकं तेवढी बाहेर आलेली होती.

*आज येतेस ना मनू*, पडद्यावर उमटलं. *एकटीच ये. मी घ्यायला येतो.*

बाबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांनी असं सरळ डोळ्यांत डोळे घालून बघितलं नव्हतं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. पुराचं पाणी उंबऱ्याला लागल्यावर म्हातारी माणसं बघतात तसं ते बघत होते.

मग हरेशला सगळं एकदम उलगडलं. बोर्ड बाबांनी का बंद केला होता. तार का कापली होती. या खुर्चीवरून ते का उठत नव्हते. जे काही होतं ते या डब्यात होतं आणि बाबा एका बोटानं त्याला रोज आत ढकलत होते. वाट त्यानं करून दिली होती. आणि वर बाबांचा हातही बांधून ठेवला होता.

त्यानं भिंतीतला प्लग ओढून काढला. पंखा घरघरत थांबला, पडदा काळा झाला. खोलीत बादलीचा आवाज तेवढा राहिला.

लॅपटॉपवर मनिषाची शेवटची मेल होती, आदल्या रात्रीची. *तिकीट काढलं बाबा. उद्या दुपारी पोचते. तुम्ही म्हणता म्हणून दादाला सांगत नाही.*

त्यानं फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. विमानात असणार.

६

दुपारी जेवण कोणाला गेलं नाही. बाबांना पलंगावर निजवलं होतं पण ते पडून राहत नव्हते. मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत उठून बसत होते. हरेशनं नव्या विमानतळावर जायला बूट घातले, तेवढ्यात फोन वाजला.

“दादा! सरप्राईज!” मनिषा हसत होती. मागे रिक्षाचा फटफटाट ऐकू येत होता. “पनवेलमध्ये आलोसुद्धा आम्ही. एसटी स्टँडच्या ट्रॅफिकमध्ये आहोत.”

“आम्ही कोण?”

“अरे बाबा आलेत ना मला घ्यायला, चांगले बोलतायत. तुला माहीत नाही?”

हरेशनं पलंगाकडे बघितलं. बाबा तिथेच होते. डाव्या हातानं सत्यवतीच्या पदराचं टोक घट्ट धरून बसलेले.

जुना कोणी मित्र असेल त्यांचा, त्यानं मनाशी घाईघाईनं म्हटलं. एक्स्चेंजमधला, बोर्डावरचा. कोणीतरी म्हातारा, बाबांच्या अंगकाठीचा, आणि मनिषानं वर्षभर बाबांना समोर बघितलेलं नाही.

“मनू, नीट ऐक. रिक्षा थांबव. माणसांच्या गर्दीत उतर, मी येतो तिथे.”

“काय झालं? आई बरी आहे ना?”

“बाबा घरी आहेत, मनू. माझ्यासमोर बसलेत.”

ती हसली. “काहीतरीच काय! थांब, त्यांच्याशीच बोल.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खुसफुस झाली. नंतर श्वास ऐकू आला, निवांत. आणि त्या श्वासाच्या मागे, फार लांबून, मोडेमची ती किंचाळी.

“हरेश,” बाबांचा आवाज म्हणाला. “बूट काढ. कुटं जायचं नाय. आलोच आमी.”

७

रिक्षा गल्लीत शिरल्याचं आधी कळलं ते भामाकाकूंच्या कुत्र्यामुळे. ते भुंकलं नाही. कुंपणाखालून सरपटत बाहेर आलं आणि तळ्याच्या दिशेनं पळत सुटलं.

हरेश खिडकीशी गेला. रिक्षा फाटकासमोर थांबली होती. दोन्ही हात हँडलवर ठेवून रिक्षावाला समोर बघत होता, मान जराही वळवत नव्हता. मनिषा उतरली. निळा ड्रेस, खांद्याला बॅग, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण आणि आनंद. तिनं वळून आत हात दिला, म्हाताऱ्या माणसाला उतरवताना देतात तसा. रिक्षाच्या काळ्या ताडपत्रीआडून एक हात बाहेर आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

उजवा हात होता तो. धडधाकट. बोटं बाबांची होती, अंगठ्याच्या बाजूला वळलेलं मधलं बोट बाबांचं होतं. फक्त ती फार लांब होती, आणि मनिषाच्या मनगटाला वेढा घालून परत स्वतःशीच येऊन मिळत होती.

बाकीचं उतरायच्या आत हरेश खिडकीपासून मागे सरला.

फाटकाची कडी वाजली. अंगणात पावलं आली, मनिषाच्या सँडलची टकटक आणि तिच्या शेजारी ओल्या पायांसारखं काहीतरी.

“दादा, दार उघड ना! उन्हात उभं केलंयस का त्यांना?”

“मनू, त्याचा हात सोड आणि मागच्या दारानं ये,” हरेशनं ओरडायचा प्रयत्न केला. त्याचा आवाज त्यालाच पुरा ऐकू आला नाही. दार उघडलं तर ते आत येणार. नाही उघडलं तर मनिषा त्याच्यापाशी राहणार. त्यानं दाराचा लोखंडी अडणा हातात घेतला आणि तसाच उभा राहिला.

“सत्ये,” दाराबाहेरून हाक आली.

हसरी, खणखणीत हाक. जगन घरत बायकोला चारचौघांत कधी अशी हाक मारत नसत. ही हाक घरातली होती, दोघांपुरती.

“सत्ये, किती वाट बगायची गो मी?”

सत्यवती पलंगाच्या कडेवरून उठली. जगननी तिचा पदर सोडला नाही. त्यांचं तोंड वाकडं होऊन उघडलं, गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या, आणि होळीपासूनचा पहिला शब्द बाहेर पडला.

“ना… य.”

एवढाच. फाटका, लाळेनं भिजलेला, कोणाचा आहे तेही ओळखू न येणारा.

सत्यवतीनं त्यांच्याकडे बघितलं. मग दाराकडे. हरेशनं आईचा चेहरा पाहिला आणि त्याला कळून चुकलं की ती फसलेली नव्हती. तिला ठाऊक होतं. मनिषा बाहेर होती हेही ठाऊक होतं. आणि तरी तिच्या डोळ्यांत, इतक्या महिन्यांनी, नव्या नवरीसारखी लगबग होती.

“आई, नको,” हरेश म्हणाला.

तिनं खाली वाकून नवऱ्याच्या मुठीतून आपला पदर सोडवून घेतला, बोटं एकेक करून, लहान मुलाची उलगडावीत तशी. केस सारखे केले.

“थांबा,” ती दाराकडे जात म्हणाली, “आले, आले.”

आणि तिनं कडी काढली.